जांघेतल्या पुळ्या: रेझरच्या, बुरशीच्या की हर्पीसच्या?

रानवाट (प्रश्न)
रेझरने केस काढल्यावर तिसऱ्या दिवशी शिश्नाच्या मुळाशी सहा लाल पुळ्या, थोडी आग. दहा दिवसांपूर्वी नवीन जोडीदाराशी संबंध आला होता, कंडोम वापरला होता. नेटवर 'हर्पीस म्हणजे नागीण' असं दिसतं, त्याने गोंधळ आणखी वाढतो. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब मिळाली आहे, अजून लावलेली नाही. कशावरून ओळखायचं? रक्ताची हर्पीस आयजीएम (अँटिबॉडीची तपासणी) करावी का?

खडीसाखर
ट्यूब लावली नाहीत ते बरं केलंत. तिच्यावरची बारीक अक्षरं वाचा. क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोन दिसलं तर ते स्टिरॉइड. दोन दिवस आराम वाटतो, नायटा असेल तर तो आतल्या आत पसरतो आणि त्याची ओळखीची कड पुसली जाते. मग डॉक्टरलाही नीट कळत नाही.

नागीण वेगळी. ती कांजिण्यांच्या विषाणूची, शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखी उठणारी. जननेंद्रियांचा हर्पीस हा हर्पीस सिम्प्लेक्सचा, प्रकार १ किंवा २.

आता बघायचं कसं? मोबाइलचा टॉर्च, छोटा आरसा, आणि त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणायची. पुळीच्या मधोमध केस, टोकाला पिवळसर पू, पुळ्या सुट्या सुट्या आणि जिथे रेझर फिरला तिथेच, तर ती केसांच्या मुळांची सूज. हर्पीसमध्ये लालसर जागेवर मोहरीएवढे पाणीदार फोड घोळक्याने येतात. एक-दोन दिवसांत ते फुटतात आणि उथळ, हात लागला तरी दुखणारे व्रण राहतात. मात्र ओलसर त्वचेवर, म्हणजे पुढच्या कातडीच्या आत किंवा योनिमुखाशी, फोड बहुधा दिसतच नाहीत, थेट व्रण किंवा बारीक चिरा दिसतात. फोटोंशी ताडून बघणारे इथेच फसतात.

पहिल्या खेपेला ताप, अंगदुखी, जांघेत अवधाण (सुजलेल्या गाठी) आणि व्रणाला लघवी लागली की झोंबणं, हे सगळं असू शकतं आणि बरं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. पुढच्या खेपा सौम्य. आधी चुणचुण होते, मग आठवडाभरात आटोपतं.

तारखेवरून निकाल लागणार नाही. संसर्गानंतर साधारण २ ते १२ दिवसांत लक्षणं येतात, म्हणजे तुमचे दहा दिवस त्यात बसतात. कंडोमने धोका कमी होतो, पण शिश्नाचं मूळ त्याखाली झाकलं जात नाही.

तांबडफुटी
वरच्याशी सहमत. रक्ताची आयजीएम करू नका, त्या पैशांत फक्त घबराट मिळते. ती जुना-नवा संसर्ग वेगळा करत नाही आणि खोटी पॉझिटिव्हही येते. आयजीजी, म्हणजे टिकून राहणारी अँटिबॉडी, तयार व्हायला १२ आठवडे लागू शकतात. शिवाय प्रकार १ ची आयजीजी लहानपणच्या ओठांवरच्या फोडांमुळेही असते, त्यावरून ही पुळी कशाची ते ठरत नाही.

उपयोगाची तपासणी म्हणजे स्वॅबची पीसीआर, कापसाच्या काडीने घेतलेल्या नमुन्यात थेट विषाणू शोधणारी. फोड फोडून त्याच्या तळाशी स्वॅब घासतात, शक्यतो पहिल्या ४८ तासांत. खपली धरल्यावर घेतलेला निगेटिव्ह आला तरी हर्पीस नाही असं म्हणता येत नाही.

पिंपळपान
दोन गोष्टी राहिल्या. पुरळ दुखण्यापेक्षा खाजते जास्त आणि कडेने गोल पसरते, तर नायटा. पुढच्या कातडीला चिरा आणि दह्यासारखा पांढरा थर असेल तर कॅन्डिडा, हीसुद्धा बुरशीच. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन घेणाऱ्या मधुमेहींना तो वारंवार होतो, कारण त्या गोळ्या साखर लघवीतून बाहेर काढतात.

दुसरी, हमखास हर्पीस समजली जाणारी: औषधाची ॲलर्जी. जुलाबासाठी ऑफ्लोक्सासिन-ऑर्निडॅझोल किंवा एखादी दुखण्यावरची गोळी घेतली की काही तासांत, दर वेळी त्याच ठिकाणी, बहुधा शिश्नमुंडावर गोल लाल चट्टा उठतो, कधी सोलतो आणि मागे काळसर डाग सोडतो. गोळ्यांच्या तारखा लिहून ठेवल्या की चोर सापडतो.

रानवाट
टॉर्चने पाहिलं. पाच पुळ्यांत केस आहे. सहावी थोडी खाली आहे, तिच्यात केस नाही, वरचा पापुद्रा गेलाय. दुखत नाही.

खडीसाखर
मग त्या सहावीसाठीच दाखवा, आज-उद्याच. न दुखणारा एकच व्रण असला तर सिफिलिस हा गुप्तरोगही डोक्यात ठेवावा लागतो, आणि सुरुवातीला त्याची रक्ततपासणी, व्हीडीआरएल, निगेटिव्ह येऊ शकते. सरकारी रुग्णालयात 'सुरक्षा क्लिनिक' किंवा त्वचा व गुप्तरोग विभाग विचारा, सुरक्षा क्लिनिकमध्ये तपासणी-औषध मोफत असतं. जवळचं केंद्र कळत नसेल तर १०९७ वर फोन करा, तोही मोफत आहे.

तोपर्यंत डेटॉल, साबण, हळद, बर्फ काही नको. साधं पाणी, टिपून कोरडं करणं, सैल सुती चड्डी. केसाच्या पुळ्यांना कोमट पाण्याची घडी १० मिनिटं, दिवसातून तीनदा. रेझर आणि संबंध दोन्ही बंद.

हर्पीसच निघाला तर पहिल्या खेपेला डॉक्टर सहसा असायक्लोव्हिर ४०० मिग्रॅ दिवसातून तीनदा, ७ ते १० दिवस देतात. ७२ तासांच्या आत सुरू झालं तर फायदा जास्त. त्याच नावाच्या मलमाने इथे फारसं काही होत नाही.

तांबडफुटी
आणि लघवी तुंबली, किंवा तापाबरोबर मान आखडून डोकं दुखायला लागलं, तर ओपीडीची वाट न बघता थेट कॅज्युअल्टीत जा.