तीन पत्ती येते, पण पोकर कुठून शिकायला सुरुवात करावी?

मांजराकाठ:
नमस्कार मंडळी, मी मूळचा लातूरकडचा, सध्या नोकरीला संभाजीनगरला. आमच्याकडं येळवशीला (वेळ अमावास्येला) सगळी भावकी शेतात जमती, भज्जी आंबील झाली की कोपीच्या मागं सतरंजी टाकून पत्ते ठरलेलेच, मेंढीकोट नाहीतर तीन पत्ती, ते लहानपणापासून येतंय. औंदा पुण्याहून आलेल्या चुलतभावांनी पोकर काढला, टेक्सस होल्डेम म्हणतात तो. लै आवडला पण अर्धा डोक्यावरून गेला. एका डावात मह्याकडं इस्पिक नव्वी आन् चौकट छक्की होती, मधे पडले किलवर पंजी, किलवर सत्ती, बदाम अठ्ठी, किलवर राजा, चौकट दुर्री. म्हणजे पंजी ते नव्वी सलग सीक्वेन्स झाला ना? पण दादानं किलवरचा एक्का आन् तिर्री दाखवली आन् सगळा ढीग ओढून घेतला, म्हणला कलर मोठा, म्हणजे पाचही पत्ते किलवरचेच. तीन पत्तीत तर सीक्वेन्स कलरच्या वर असतो, मग हितं उलटं कामून? मला हे कारणासकट शिकायचंय. पैसे लावायचे नाहीत, घरच्या घरीच खेळायचंय. कोणाला येत असेल तर पहिल्यापासून सांगा, व्हिडिओ बघितले पण ते लै भरभर बोलायलेत.

गोदाकाठ_नांदेड:
दादाचं बरोबर आहे भाऊ, तो डाव त्याचाच. आधी खेळाचा क्रम सांगतो, तो एकदा बसला की बाकीचं आपोआप सुटत जातं.

प्रत्येकाला दोन पत्ते पालथे, ते फक्त त्यानंच बघायचे. मग मधे एकूण पाच पत्ते उताणे पडतात, ते सगळ्यांचे. पण एकदम पाच नाही, आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचा एक (रिव्हर). हातातले दोन आन् मधले पाच अशा सात पत्त्यांतून ज्याचे सगळ्यात भारी पाच जमतील तो जिंकला. हातातले दोन्ही वापरा, एकच वापरा नाहीतर एकही वापरू नका, सगळं चालतं. बोली चार वेळा होती, दोन पत्ते मिळाल्यावर, फ्लॉपनंतर, टर्ननंतर, रिव्हरनंतर. आपली पाळी आली की पुढं कोणी काही लावलं नसेल तर चेक म्हणून गप बसायचं नाहीतर स्वतः लावायचं, कोणी लावलं असेल तर तेवढंच टाकायचं (कॉल), वाढवायचं (रेज) नाहीतर पत्ते टाकून द्यायचे (फोल्ड).

तीन पत्तीत सगळेच बूट म्हणजे डावाआधीची ठरलेली रक्कम टाकतात, हितं फक्त दोघं टाकतात. वाटणाऱ्याच्या डाव्या हाताचा स्मॉल ब्लाइंड, त्याच्या पुढचा बिग ब्लाइंड म्हणजे बहुतेक दुप्पट. ब्लाइंड म्हणलं म्हणून पत्ते न बघता खेळायचं असं नाही हां, ते दोघंबी पत्ते बघूनच खेळतात, फक्त पैसे आधी टाकावे लागतात. पहिल्या बोलीला बिग ब्लाइंडच्या पुढच्यापासून सुरुवात, फ्लॉपनंतर मात्र स्मॉल ब्लाइंडपासून, तो बाहेर गेला असेल तर त्याच्या पुढच्यापासून. दर डावाला वाटणारा बदलतो आन् हे सगळं एक जागा पुढं सरकतं. तीन पत्तीसारखा साइड शो (शेजाऱ्याशी गुपचूप पत्ते ताडून बघणं) बिड शो काही नाही, रिव्हरची बोली संपली आन् दोघं तिघं उरले की पत्ते उघडे करायचे.

गणितवाली_परभणी:
मांजराकाठ, तुझा प्रश्न मला फार आवडला कारण उत्तर पूर्ण मोजता येतं. मी ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवते, संभाव्यतेच्या धड्याला मुलांना हेच उदाहरण देते.

५२ पत्त्यांतून तीन पत्ते घेतले तर २२,१०० वेगवेगळे हात होतात. त्यात साधा सीक्वेन्स ७२० वेळा आणि साधा कलर १,०९६ वेळा. सीक्वेन्स कमी वेळा येतो म्हणून तीन पत्तीत तो वर. आता पाच पत्ते घे. एकूण हात २५,९८,९६०, त्यात सीक्वेन्स १०,२०० आणि कलर ५,१०८. म्हणजे इथे कलर निम्म्याने कमी! पाचही पत्ते एकाच रंगाचे जमणं सलग पाच जमण्यापेक्षा अवघड आहे, म्हणून पोकरमध्ये कलर वर गेला. नियम कोणी मनाने केलेला नाही, जे दुर्मिळ ते मोठं, एवढंच. (तीन पत्तीत मात्र एक जागा अशी आहे की तिथे हे तत्त्व पाळलेलं नाही. ट्रेल म्हणजे एकाच नंबरचे तीन पत्ते, ती ५२ वेळा येते आणि प्युअर सीक्वेन्स म्हणजे एकाच रंगाचे सलग तीन, तो ४८ वेळा, तरी ट्रेल वर. पोकरचा क्रम या बाबतीत जास्त चोख आहे असं माझं मत.)

पोकरचा क्रम वरून खाली असा: रॉयल फ्लश म्हणजे एकाच रंगाचे दश्शी, गुलाम, राणी, राजा, एक्का, हे अख्ख्या गड्डीत फक्त ४. मग स्ट्रेट फ्लश म्हणजे एकाच रंगाचे इतर सलग पाच, ते ३६, एकाच नंबरचे चार पत्ते ६२४, फुल हाउस म्हणजे तीन एका नंबरचे आणि दोन दुसऱ्या, ते ३,७४४. मग कलर, मग सीक्वेन्स, मग एकाच नंबरचे तीन ५४,९१२, दोन जोड्या १,२३,५५२, एक जोडी १०,९८,२४०, आणि काहीच नसेल तर मोठा पत्ता. हे आकडे पाठ करू नकोस, क्रम मात्र वहीत लिहून सतरंजीवर मधे ठेवा, पहिले काही डाव सगळ्यांनी बघून खेळायचं, त्यात काही कमीपणा नाही.

बिंदुसरा:
ताईंनी लै भारी सांगितलं. मी जरा खेळताना काय करायचं त्यावर बोलतो. तीन पत्तीतून आलेल्या माणसाला सगळ्यात अवघड जातं ते पत्ते टाकून देणं. तिथं सवय असती की बसलोय तर चाल द्यायची, पोकरमधे तसं केलं तर रात्र संपायच्या आत मोकळे होताल. हातात दोन वेगवेगळ्या नंबरचे पत्ते असले तर फ्लॉपवर त्यातल्या एखाद्याची जोडी जमायची शक्यता तीनात एकदा, म्हणजे तीनातल्या दोन वेळा फ्लॉप कोरडाच जातो. म्हणून सुरुवातीला मोठ्या जोड्या, एक्का राजा, एक्का राणी, राजा राणी असले हात खेळा, सत्ती दुर्री बिनधास्त टाका. दोन्ही पत्ते एका रंगाचे आहेत म्हणून हुरळून जाऊ नका, त्यानं फायदा थोडाच होतो. आन् एक्क्याची जोडी तर २२१ डावात एकदा यायची, तिची वाट बघत बसू नका पण आली तर गप बसूबी नका, वाढवा.

आता एक डाव बघा. तुमच्याकडं बदाम एक्का, बदाम नव्वी. फ्लॉप आला बदाम राजा, बदाम चौकी, इस्पिक सत्ती. चार बदाम झाले, अजून एक आला की कलर, आन् तोबी एक्क्याचा म्हणजे त्याच्यावर दुसऱ्याचा कलर नाही. गड्डीत बदाम १३, चार दिसले, राहिले ९. न दिसलेले पत्ते ४७. पुढच्याच पत्त्याला बदाम यायची शक्यता ४७ त ९, साधारण १९ टक्के, टर्न रिव्हर दोन्ही धरले तर ३५ च्या आसपास. डोक्यातल्या डोक्यात करायचं तर एक पत्ता यायचा असेल तर कामाच्या पत्त्यांना २ नं गुणा, दोन यायचे असतील तर ४ नं, बरंच जवळ जातं.

समजा मधे ६० आहेत आन् समोरच्यानं २० लावले. ८० मिळवायला तुम्ही २० टाकणार, म्हणजे एकूण १०० त तुमचे २०. शक्यता १९, जवळपास बरोबरी, शिवाय कलर लागल्यावर तो अजून देईल, तर कॉल करा. पण त्यानं ६० लावले तर १२० साठी ६० टाकायचे, १८० त ६० म्हणजे ३३ टक्के, आन् पुढच्या पत्त्याला तुमची शक्यता तर १९ च. टाकून द्या, कितीबी जीवावर आलं तरी. मला तर पोकर ह्याच्यासाठीच आवडतो, पत्ते कसे आले ह्याच्यापेक्षा आपण किती टाकून काय विकत घेतलं हे महत्त्वाचं.

आन् बसायची जागा बघत जा. वाटणारा फ्लॉपनंतर सगळ्यात शेवटी बोलतो, त्याला सगळ्यांचं आधी कळतं, म्हणून तिथून जरा हलके हातबी खेळता येतात. पहिलं बोलायचं असेल तर तेच पत्ते टाका.

मांजराकाठ:
सगळ्यांचे लै आभार, ताई कलरचं आता पक्कं डोक्यात बसलं. अजून तीन शंका. एक्का, दुर्री, तिर्री हा तीन पत्तीत मोठा धरतात, हितं काय? दोघांचं सारखंच निघालं तर इस्पिक मोठं का बदाम? आन् एखाद्याचे सगळे संपले पण डाव चालूच असला तर? शिवाय एक मित्र म्हणायला मोबाईलवर ॲप घे, थोडे पैसे टाकून लवकर शिकशील.

गणितवाली_परभणी:
एक्का ते पंजी हा पोकरमध्ये सगळ्यात लहान सीक्वेन्स, दश्शी ते एक्का सगळ्यात मोठा, आणि राणी राजा एक्का दुर्री तिर्री असं गोल फिरवून चालत नाही. रंगाला मान नाही, चारही सारखे. पाचही पत्ते तंतोतंत सारखे निघाले तर ढीग अर्धा अर्धा वाटायचा. पण आधी बाकीचे पत्ते नीट बघा. दोघांकडे एक्क्याची जोडी असेल तर उरलेल्या तीनात ज्याचा पत्ता मोठा तो जिंकतो, घरच्या खेळात बरीच भांडणं इथेच होतात.

गोदाकाठ_नांदेड:
ॲपचं मनातून काढ भाऊ. ऑगस्ट २०२५ मधे केंद्राचा ऑनलाइन गेमिंगचा कायदा झाला, त्यात पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ कौशल्याचे असोत नाहीतर नशिबाचे, सगळ्यांवर बंदी आहे. आता कोणी तसली लिंक पाठवली तर ती उघडूबी नको. आपल्या राज्यात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आधीपासून आहेच. आन् कायदा बाजूला ठेवला तरी पैशानं लवकर शिकता येतं हे मला पटत नाही, शिकणारा माणूस हरलेले भरून काढायच्या नादात नको ते हात खेळतो.

चिंचोके घ्या, येळवशीला कमी नाहीत. प्रत्येकाला शंभर मोजून द्या, लहान ब्लाइंड एक, मोठा दोन. फक्त संपलेल्याला मधेच नवे देऊ नका, नवा डाव सुरू होईपर्यंत थांबवा, नाहीतर कोणी जपून खेळतच नाही.

बिंदुसरा:
राहिलेली शंका, सगळे संपले तर. त्याला ऑल इन म्हणतात, तो डावात राहतो पण त्यानं जेवढं टाकलं तेवढंच दुसऱ्यांकडून घेऊ शकतो. समजा तुमचे ४० होते, बाकी दोघांनी १०० १०० टाकले. तिघांचे ४० ४० ४० म्हणजे १२० चा एक ढीग, त्यावर तिघांचा हक्क. त्या दोघांचे उरलेले ६० ६० म्हणजे १२० चा दुसरा ढीग, तो फक्त त्या दोघांचा, तुमचे पत्ते सगळ्यात भारी निघाले तरी त्याला हात लावायचा नाही. ढीग दोन वेगळे करून मगच पुढचा पत्ता उघडा, नंतर मोजत बसलात की कोणाचे किती होते ह्यावरूनच वाद लागतो.