पोर्ट्समथची ऐतिहासिक गोदी: एका दिवसात तिन्ही जहाजे पाहावीत का?

दर्यासारंग (प्रश्न): लंडनहून सकाळी निघून संध्याकाळी परतायचे, अशा बेताने पोर्ट्समथला जात आहोत. वडिलांना जहाजबांधणीची मनापासून आवड आहे, पण गुडघे साथ देत नाहीत. ‘मेरी रोझ’, ‘व्हिक्टरी’ आणि ‘वॉरियर’ ही तिन्ही जहाजे एका दिवसात नीट पाहून होतील का, आणि सुरुवात कोठून करावी?

डोलकाठी: धावपळ केल्यास तिन्ही होतील, परंतु माझ्या मते अर्धा दिवस ‘मेरी रोझ’लाच द्यावा. इंग्लंडच्या आठव्या हेन्री राजाचे हे जहाज १५४५ मध्ये सोलेंटच्या सामुद्रधुनीत फ्रेंचांशी लढताना बुडाले आणि १९८२ मध्ये वर काढले गेले. ते उजव्या कुशीवर कलंडल्याने गाळात रुतलेली बाजू टिकली, तर उघडी पडलेली बाजू प्रवाहाने आणि लाकूड पोखरणाऱ्या किड्यांनी संपवली. म्हणूनच आज ते उभे चिरल्यासारखे दिसते आणि एकावर एक असलेले मजले, तुळया, सांधे सगळे समोर येते. जहाजबांधणीच्या जाणकाराला याहून चांगला धडा मिळणे कठीण. खलाशांनी स्वतःच्या लाकडी वाडग्यांवर कोरलेल्या खुणाही अवश्य पाहाव्यात. संग्रहालयात लिफ्ट आहे.

सुकाणू: वरील मताशी सहमत आहे. ‘व्हिक्टरी’वर मात्र जिने उभे आणि तुळया इतक्या खाली आहेत की बऱ्याच ठिकाणी वाकूनच चालावे लागते, तेव्हा वडिलांना आग्रह करू नये. १८०५ च्या ट्रॅफल्गारच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन जेथे कोसळला ती जागा आपण एकट्याने पाहून यावी. दुरुस्तीमुळे जहाजाभोवती परांची आहे, पण कुजलेल्या फळ्या बदलण्याचे ते काम वडिलांना डोलकाठ्यांपेक्षा अधिक आवडेल असे वाटते.

नांगर: ‘वॉरियर’ला कमी लेखू नये. १८६० मध्ये पाण्यात उतरलेल्या या जहाजाचा सांगाडा लोखंडी असून चिलखताचे साडेचार इंची पत्रे अठरा इंच जाडीच्या सागावर बसवलेले आहेत. ‘मेरी रोझ’च्या ओक लाकडानंतर हे पाहिले की तीनशे वर्षांतला फरक लगेच ध्यानात येतो. ते पोर्ट्समथ हार्बर स्थानकाच्या अगदी जवळ नांगरलेले असल्याने परतीच्या गाडीपूर्वी, शेवटी ठेवावे. वडील थकले असतील, तर धक्क्यावरूनही त्याची पूर्ण लांबी दिसते.