बोर्ड आउट होणाऱ्या जवानाची घरी शुश्रूषा करणाऱ्या पत्नीला शासनाकडून काही मिळते का?

प्रश्न:
माझा धाकटा भाऊ भूदलात नाईक आहे. कर्तव्यावर असताना मणक्याला इजा होऊन त्याचे दोन्ही पाय निकामी झाले असून, लवकरच त्याला वैद्यकीय कारणास्तव सेवामुक्त (बोर्ड आउट) करतील. ठरावीक वेळाने त्याची कूस बदलणे, कॅथेटरची स्वच्छता राखणे, त्याला चाकाच्या खुर्चीत बसवणे हे सारे यापुढे माझ्या भावजयीलाच करायचे आहे आणि त्यासाठी तिने नोकरी सोडली आहे. भावाच्या पेन्शनची साधारण कल्पना आहे. परंतु तिच्या श्रमांची नियमांत कुठे दखल आहे का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १:
थेट तिच्या नावे काही मिळत नाही. मात्र शंभर टक्के अपंगत्व असलेल्या जवानाला पेन्शनसोबत ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’, म्हणजे सतत मदतनीस लागतो म्हणून दिला जाणारा भत्ता, मिळू शकतो. 1 जुलै 2017 पासून तो दरमहा 6,750 रुपये झाला आणि महागाई भत्ता पन्नास टक्क्यांनी वाढला की त्यात पंचवीस टक्के वाढ होते. खरी मेख मेडिकल बोर्डाच्या, म्हणजे अपंगत्व तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाच्या, कागदात असते. मान्य झालेल्या अपंगत्वामुळेच या व्यक्तीला सतत मदतनीसाची गरज आहे, अशी शिफारस बोर्डाने स्पष्ट नोंदवलेली नसेल, तर रुग्णाची अवस्था कितीही उघड असली तरी भत्ता मंजूर होत नाही. रुग्ण सरकारी खर्चाने रुग्णालयात वा संस्थेत राहत असेल, तर त्या काळात तो बंद राहतो. खडकीच्या पॅराप्लेजिक (पाय निकामी झालेल्या सैनिकांसाठीच्या) पुनर्वसन केंद्राचा विचार करत असाल तर हे ध्यानात ठेवावे.

प्रतिसाद २:
अमेरिकेत 2010 च्या कायद्याने घरी शुश्रूषा करणाऱ्यालाच मासिक मानधन, प्रशिक्षण आणि विश्रांतीसाठी पर्यायी व्यवस्था देऊ केली. आरंभी ही योजना 11 सप्टेंबर 2001 नंतर सेवेत जखमी झालेल्यांपुरती होती. सर्व काळातील पात्र माजी सैनिकांच्या घरांपर्यंत पोहोचायला 2022 उजाडले. आपल्याकडे भत्ता रुग्णाच्या गरजेचा मानला जातो, ती भागवणारी व्यक्ती मात्र कागदावर येतच नाही, हे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता:
आभारी आहे. बोर्ड अद्याप व्हायचे आहे. आम्ही आताच काय करावे?

प्रतिसाद १:
उपचार करणाऱ्या तज्ज्ञांच्या अभिप्रायात ‘परावलंबी’ एवढेच न येता, कोणती कामे त्याला स्वतः करता येत नाहीत हे यावे, अशी विनंती बोर्डापूर्वीच करावी. इजा सेवेमुळे झाली की नाही, हा रकानाही तितकाच निर्णायक आहे. तिथे नकार आला तर आधी विभागीय अपील आणि मग सशस्त्र सेना न्यायाधिकरण, ज्याचे एक पीठ मुंबईत आहे. बोर्डाच्या कार्यवाहीची प्रत मागून घ्यावी आणि अर्जांच्या मदतीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे. तिथे भावजयीलाही सोबत न्यावे, कारण पुढे ‘स्पर्श’ या सैनिकी पेन्शनच्या पोर्टलवरील हयातीच्या दाखल्यापासून सारा व्यवहार बहुधा तिलाच पाहावा लागेल.