मदत हवी आहे : वाचनगटात बालविवाहावर चर्चा कशी घ्यावी?

बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या गावात मी सातवी-आठवीचा वाचनगट चालवते. २००६ च्या कायद्यानुसार लग्नासाठी मुलीचे वय १८ आणि मुलाचे २१ पूर्ण हवे, हे सगळे घडाघडा सांगतात. परंतु गटात वाचलेल्या कथेतल्या आईने मुलीचे लग्न लहान वयातच का लावले, असे विचारताच काही मुली माना खाली घालतात, कारण त्यांच्या बहिणींची लग्ने अशीच झाली आहेत. मुलींचा वेगळा गट करून पाहिला. निनावी चिठ्ठ्यांत त्या मोकळेपणाने लिहितात, पण अक्षर लगेच ओळखले जाते. आठवड्याला एकच तासिका असून दिवाळीच्या सुमारास बरीच मुले पालकांबरोबर कारखान्यावर जातात. कोणाच्याही घराकडे बोट न दाखवता कथेतून वास्तवाकडे नेणारे पहिले दोन-तीन प्रश्न कोणते असावेत?