'डाउट' लिहिलं म्हणून पोराला झापलं, हे मला पटत नाही

शिरोलीकर:
आमच्या फाउंड्रीतली गेल्या महिन्यातली गोष्ट. नव्या पोरानं परदेशातल्या गिऱ्हाइकाला मेल टाकला, 'आय हॅव वन डाउट इन युवर ड्रॉइंग.' एकाच बोअरचा, म्हणजे भोकाचा, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) दोन ठिकाणी वेगळा दिसत होता, तेवढंच विचारायचं होतं. तिकडून ताठ उत्तर आलं : आमच्या कुठल्या मापावर तुमचा विश्वास नाही? साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं, 'मराठीत विचार करून इंग्रजी लिहू नको.'

आता 'शंका' म्हणजे संशय आणि विचारायचा प्रश्नसुद्धा. तास संपताना मास्तर 'काही शंका?' म्हणतात, ते संशय म्हणून नव्हे. तोच अर्थ आपल्याकडच्या 'डाउट'ला चिकटला. 'टुडे मॉर्निंग' म्हणजे आपलं 'आज सकाळी'. 'येस्टरडे ओन्ली' म्हणजे 'कालच', त्यातला 'ओन्ली' हा आपला 'च'. आयरिश माणूस 'आय ॲम आफ्टर ईटिंग' म्हणतो तेव्हा तो नुकताच जेवलेला असतो, ही रचना त्याच्या आयरिश भाषेतून आलीय. ती आयर्लंडची इंग्रजी म्हणून मिरवते आणि आपली मात्र चूक?

इंग्रजीचा_मास्तर:
दादा, तुमच्याच उदाहरणात गिऱ्हाइकाला अर्थ कळला नाही. मग भाषा कुणासाठी? माझ्याकडं राधानगरी, भुदरगडच्या खेड्यांतली पोरं येतात. मुलाखतीत पहिल्या दोन वाक्यांत त्यांचं माप काढलं जातं. तिथं आयर्लंडचा दाखला कोण ऐकून घेणार? सिंगापुरात वाक्याच्या शेवटी 'ला' लावून बोलली जाणारी इंग्रजी घराघरात आहे, तरी 2000 साली सरकारनंच चांगल्या इंग्रजीची मोहीम काढली. व्यापारावर पोट आहे त्यांचं. आपलंही आहे.

शिरोलीकर:
सर, तिकडच्या गिऱ्हाइकाला 'क्वेरी' लिहायचं हे त्याला शिकवाच, माझी ना नाही. पण 'इथं डाउट चालतो, तिकडं क्वेरी लिही' असं सांगणं वेगळं आणि 'तुझ्या डोक्यातली मराठी काढ' म्हणणं वेगळं. ते पोरगं आता कुठलाच मेल स्वतःहून लिहीत नाही.

रंकाळा_वेस:
मी कोल्हापूरची. आमच्यात बायकासुद्धा 'मी जेवलो, मी गेलो' म्हणतात. पुण्यात हॉस्टेलवर पहिल्याच रात्री 'मी जेवलो' म्हटलं आणि अख्खं टेबल हसलं. आठवडाभर मी जेवायला उशिरा जायचे, कुणी नसताना. 'जेवले' म्हणायला शिकले, त्याचा उपयोगही झाला. पण आता घरी फोनवर चुकून 'जेवले' निघतं आणि आई गप्प होते. सर, शिकवण्याला विरोध नाही, पण हसून शिकवलेलं अंगाला लागत नाही. आणि आपली मराठी तरी कुठं सोवळी आहे? अक्का, अण्णा, तूप हे शब्द कानडीकडून आले, आणि इंग्रजीतलं 'मंगूज' आपल्या मुंगसावरून.

इंग्रजीचा_मास्तर:
ताई, तुमचं ते टेबल डोळ्यांसमोर आलं. वर्गात कुणी 'येस्टरडे ओन्ली' म्हटलं की मीही हसलोय, हे कबूल करतो. सोमवारी नववीच्या फळ्यावर 'डाउट' आणि 'क्वेरी' दोन्ही वाक्यं लिहीन, कुठलं कुणाला लिहायचं ते पोरांकडूनच काढून घेईन. पेपरात मात्र 'टुडे मॉर्निंग'चा मार्क मी कापणारच, त्यावर माझं मत बदललेलं नाही.