वेगविक्रमांची ओढ आणि मोटारशर्यत: भाच्याला कोणती वाट दाखवावी?

अंत्रुजकर (फोंडा) – प्रश्न

नमस्कार. माझा भाचा फर्मागुडीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे. जमिनीवरील वेगाच्या विक्रमांनी त्याला अक्षरशः झपाटले आहे. घरात कोणताही विषय निघो, तो माल्कम आणि डोनाल्ड या कॅम्पबेल पितापुत्रांवर नाहीतर थ्रस्ट एसएससी या गाडीवर येऊन ठेपतो. ही ओढ मला मनापासून आवडते. काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. त्याच्या ओळखीतली काही मुले पहाटे महामार्ग मोकळा असताना दुचाक्या पळवतात आणि शर्यतीत उतरायचे तर सुरुवात अशीच होते, असे त्याला पटवून देतात.

विक्रमाचा ध्यास आणि शर्यतीचे आकर्षण ही एकच गोष्ट आहे का? या माणसांनी नेमके काय केले, म्हणजे ते त्या रस्त्यावरच्या पळवापळवीपेक्षा वेगळे ठरते? मावशी म्हणून नुसते ‘नको’ म्हणायचे नाही. त्याच्याशी बोलता येईल इतके मला स्वतःला समजून घ्यायचे आहे.

यंत्रविद (म्हापसा)

ताई, तुम्ही प्रश्न योग्य ठिकाणी धरला आहे. मी आयुष्यभर यंत्रांतच काम केले, त्यामुळे विक्रमांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो.

1899 मध्ये कामीय जेनात्झी यांनी ताशी 100 किलोमीटरचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, तो विजेवर चालणाऱ्या गाडीतून. 1935 मध्ये माल्कम कॅम्पबेल यांनी अमेरिकेतील बॉनव्हिलच्या मिठाच्या सपाट मैदानावर ताशी 301 मैल, म्हणजे सुमारे 484 किलोमीटर, गाठले. 1997 मध्ये नेवाडातील ब्लॅक रॉक वाळवंटात अँडी ग्रीन यांनी थ्रस्ट एसएससी ताशी 1,228 किलोमीटर वेगाने चालवून जमिनीवर ध्वनिवेग ओलांडला, आणि तो विक्रम आजही अबाधित आहे. भाच्याला हे आकडे पाठ असतीलच. त्याच्याशी बोलायचे ते आकड्यांमागच्या कामाबद्दल.

वेग दुप्पट करायचा झाला तर हवेचा रोध चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. एवढ्या एका नियमामुळे वरच्या टप्प्यावरची प्रत्येक वाढ महाग, अवघड आणि धोक्याची होत जाते. थ्रस्ट एसएससीमध्ये लढाऊ विमानाची दोन स्पे इंजिने होती, चाके भरीव अॅल्युमिनियमची होती, कारण त्या वेगाला रबरी टायर टिकलाच नसता, आणि दिशा बदलण्यासाठी मागची चाके वळत असत. ही मागच्या चाकांची कल्पना आधी एका जुन्या मिनी मोटारीत बसवून तपासली गेली. गाडीची छोटी प्रतिकृती रॉकेटच्या जोरावर रुळांवरून सोडून संगणकाच्या गणिताची पडताळणी झाली, तीही वेल्समधल्या पेंडाइनला, जिथे 1920 च्या दशकात वाळूवर विक्रम होत असत.

नियम तर त्याहून कडक आहे. ठरावीक अंतर एकदा एका दिशेने आणि एका तासाच्या आत उलट दिशेने कापावे लागते, आणि सरासरी धरली जाते, म्हणजे वारा किंवा उतार यांचा फायदा निघून जातो. 13 ऑक्टोबर 1997 रोजी दोन्ही फेऱ्या ध्वनिवेगापुढे गेल्या, परंतु गाडी थांबवणे, वळवणे, तपासणे आणि पुन्हा सोडणे यात तासाची मुदत जेमतेम मिनिटभराने हुकली आणि सगळे मोजमाप बाद झाले. दोन दिवसांनी त्यांनी तेच पुन्हा केले. मला त्या पंधरा तारखेपेक्षा तेरा तारीख अधिक मोलाची वाटते. इतक्या जवळ येऊनही कोणी सवलत मागितली नाही आणि कोणी दिलीही नाही.

ज्यांनी प्राण गमावले त्यांच्याबद्दलही त्याच्याशी बोला. विक्रमवीर पॅरी-थॉमस यांचा 1927 मध्ये पेंडाइनलाच मृत्यू झाला. त्यांची ‘बॅब्स’ ही गाडी तिथल्याच वाळूत पुरण्यात आली आणि 1969 मध्ये उकरून काढण्यात आली. सीग्रेव्ह आणि कॉब यांनी जमिनीवरचे विक्रम केले आणि मृत्यू त्यांना पाण्यावर आला. डोनाल्ड कॅम्पबेल यांनी 1964 या एकाच वर्षात जमीन आणि पाणी या दोन्हींवर विक्रम केले. 1967 मध्ये कॉनिस्टन तलावावर ते दुसऱ्या फेरीसाठी इंधन न भरता लगेच वळले आणि ताशी 480 किलोमीटरहून अधिक वेगात नाव उचलली जाऊन उलटली; त्यातच त्यांचा अंत झाला. यांपैकी कोणीही बेफिकीर नव्हता. एवढ्या तयारीच्या माणसांनाही हा खेळ माफ करत नाही, हे एका तरुण अभियंत्याने डोळे उघडे ठेवून समजून घ्यावे, असे मला फार वाटते.

पिवळा झेंडा (मूळ मडगाव, सध्या चेन्नई)

मी इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक मार्शल, म्हणजे चालकांना झेंड्याने धोक्याचा इशारा देणारा, म्हणून उभा राहतो, त्यामुळे शर्यतीबद्दल लिहितो. विक्रमात समोर दुसरा माणूस नसतो, फक्त घड्याळ असते. शर्यतीत माणूस असतो, आणि तिथे सर्वाधिक वेग हा सगळ्यांत कमी महत्त्वाचा भाग असतो, हे बाहेरच्याला पटकन पटत नाही.

आमच्या जागेवरून वळणापूर्वीच्या अंतराच्या पाट्या दिसतात. नवखा चालक शेवटच्या पाटीपर्यंत ब्रेक दाबत नाही, त्यामुळे वळणात गाडी बाहेर जाते, ती सावरण्यात वेळ जातो आणि पुढच्या सरळ पट्ट्यावर तो मागे पडतो. मुरलेला चालक किंचित आधी ब्रेक लावतो, पण सोडतो अगदी हळुवार. गाडीचे वजन पुढच्या चाकांवर तेवढेच ठेवतो जेवढे वळण्यासाठी लागते, आणि वळण संपण्याआधीच त्याचा पाय अॅक्सिलरेटरवर गेलेला असतो. पाहणाऱ्याला तो सावकाश जातो आहे असे वाटते आणि घड्याळ उलट सांगते. हे कौशल्य महामार्गावर येऊच शकत नाही, कारण तिथे तेच वळण तशाच अवस्थेत दहा वेळा मिळत नाही, चूक झाल्यावर बाहेर पडायला मोकळी जागा नसते आणि समोरून पाव देणारा पोदेर सायकलवरून येत असतो.

कायद्याचेही स्पष्ट सांगून टाकावे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 189 प्रमाणे राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगचाचणी हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात.

अंत्रुजकर (फोंडा)

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिले, त्याबद्दल आभार. तेरा ऑक्टोबरची हकिगत मी त्याला सांगितली. त्याला ती ठाऊक होती, पण तिच्यावर आम्ही प्रथमच नीट बोललो. त्याने उलट मला एक प्रश्न केला आणि मी निरुत्तर झाले: पेंडाइन आणि अमेरिकेतील डेटोना या किनाऱ्यांवर विक्रम झाले, तर आपल्या वेळसांव ते मोबोर या सलग पट्ट्यावर का होऊ नयेत? शिवाय गोव्यात राहून त्याने आरंभ कुठून करावा?

मोरजीचा रहिवासी (पेडणे)

किनाऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर थोडक्यात देतो. ओहोटीनंतर ओली वाळू घट्ट बसते, म्हणून तिथे गाड्या धावल्या. पण ती सगळीकडे सारखी घट्ट नसते आणि भरतीपर्यंतचाच वेळ हाती असतो. मार्च 1935 मध्ये डेटोनाला माल्कम कॅम्पबेल यांना हीच वाळू नडली, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ते बॉनव्हिलच्या मिठावर गेले. जमिनीवरच्या विक्रमांसाठी किनाऱ्यांचा काळ तिथेच संपत आला. आपल्याकडे तर किनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे आणि ती असलीच पाहिजे. मोरजी, आगोंद, गालजीबाग इथे समुद्री कासवे अंडी घालायला येतात. चाकांनी वाळू दाबली गेली तर घरटे चिरडते, आणि चाकोरीत अडकलेले पिलू पाण्यापर्यंत पोचत नाही.

भाच्याला दक्षिण आफ्रिकेतील हाक्सकीन पॅनबद्दल वाचायला सांगा. जमिनीवरच्या नव्या वेगविक्रमासाठी बांधलेल्या ब्लडहाउंड गाडीसाठी तिथल्या 317 स्थानिक लोकांनी कोरड्या तलावाच्या तळावरून सुमारे 16,500 टन दगड हातांनी वेचून काढले. 2019 मध्ये त्या मार्गावर गाडी ताशी 1,010 किलोमीटरपर्यंत गेली. विक्रम अजून झालेला नाही, तरी त्या दगड वेचणाऱ्यांचा वाटा मला चालकाच्या बरोबरीचा वाटतो.

नट-बोल्ट (डिचोली)

आरंभाबद्दल मी सांगू शकतो, कारण विद्यार्थी असताना आमच्या संघाने गाडी बांधली होती. ताई, दुसरे वर्ष ही अगदी योग्य वेळ आहे. कोईमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर ‘फॉर्म्युला भारत’ ही विद्यार्थ्यांची स्पर्धा होते. एका आसनाची शर्यतीची गाडी स्वतः आखून, स्वतः बांधून न्यायची असते. पेट्रोलवरची किंवा विजेवरची. जेनात्झींवर प्रेम करणाऱ्याला विजेची आवडेल. तिथे आधी तपासनीस गाडी उलगडून पाहतात, ब्रेक दाबल्यावर चारही चाके एकदम अडकतात का ते बघतात, आणि एखाद्या बोल्टची पकड नियमाप्रमाणे नसेल तर गाडी मैदानावर जाऊ देत नाहीत. 75 मीटरच्या सरळ धावेपेक्षा लांब पल्ल्याच्या सहनशक्ती चाचणीला कितीतरी अधिक गुण असतात. आमचे कित्येक महिने एका साखळीच्या ताणावर गेले, आणि यंत्राबद्दल मला जे काही कळते त्याचा मोठा भाग त्या महिन्यांतला आहे. धूळ-चिखल आवडत असेल तर ‘बाहा’ ही ऑफ-रोड गाड्यांची स्पर्धा आहे.

महाविद्यालयात संघ नसेल तर चार-पाच सोबती आणि एक मार्गदर्शक प्राध्यापक एवढ्यावर सुरुवात होते. वेल्डिंग त्याने स्वतः शिकावे, दुसऱ्यावर सोडू नये. चालवण्याचीच ओढ अधिक असेल तर कार्टिंगपासून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतीपासून, आरंभ करावा. पुढे स्पर्धेसाठी फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्स ऑफ इंडियाचा परवाना लागतो. 2005 मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरलेले पहिले भारतीय नारायण कार्तिकेयन हेही टप्प्याटप्प्यानेच वर गेले. खर्च मात्र मोठा आहे, तो घरच्यांनी आधीच बोलून घ्यावा.

आमच्या गाडीची जुनी रेखाचित्रे आणि सुट्या भागांची यादी माझ्याकडे आहे. त्याला इथेच लिहायला सांगा, म्हणजे स्टिअरिंगच्या जोडणीपासून सुरुवात करू. बहुतेक नवे संघ पहिल्यांदा तिथेच अडतात.