शब्दचर्चा : घरोबा दोन माणसांचा की दोन घरांचा?

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ)

पुण्यात शिकणाऱ्या भाचीनं वर्गातल्या मैत्रिणीबद्दल सांगितलं, 'माझा तिच्याशी चांगला घरोबा आहे.' तिच्या आजीला ते खटकलं. 'तू तिच्या घरी गेली नाही, तिची माय तुले ओळखत नाही, मंग घरोबा कुठून आला?' मला आजीचं पटतं. आमच्याकडे 'आमचा त्याईच्याशी घरोबा हाय' असंच म्हणतात. 'माझा घरोबा' कानाला बरा लागत नाही. तुमच्या भागात काय म्हणतात?

अचलपूरहून

आजीचं बरोबर आहे. दोन माणसांची दोस्ती असते, घरोबा घरांचाच. तो कळतो कसा, तर पाहुणा समोरून येऊन सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत बसतो. घरोब्याची बाई सांदवाडीतून, म्हणजे मागच्या परसातून येते अन् बोलत बोलत थेट चुलीपाशी बसते. विरजण, चहापत्ती, पायलीभर गहू न लाजता मागते, अन् परत करताना हिशेब तोंडावर आणत नाही. आता चुलीच्या जागी गॅस आला, तरी ऐनवेळी सिलिंडर संपलं की पहिलं पोट्टं त्याच घरी धावतं.

उन्हाळ्यात तर एकेका घराचा दिवस ठरलेला असतो. आज आमच्या कुरड्या, उद्या त्यांच्या शेवया. सरगुंडे करायचे म्हणजे कणीक काडीवर वळायला बरेच हात लागतात, एकटीचं ते काम नव्हे. त्या बायांना पोरं 'मोठी माय', 'मावशी' म्हणतात. जात बहुतेकदा वेगळी असते, सोयरीक होणार नसते, तरी नातं लागतं अन् पुढच्या पिढीलाही तेच राहतं.

पण हेही सांगायला हवं, की जातीमुळे कितीतरी घरोबे सपरीच्या आत गेलेच नाहीत, अन् काही गावांत अजूनही जात नाहीत. लोक त्यालाही घरोबा म्हणतात. ज्या घरात एकाला पाण्याचा गडू वेगळा मिळतो, तिथं हा शब्द वापरू नये असं माझं ठाम मत आहे.

आर्वीहून (जि. वर्धा)

क्रियापदाकडेही पाहा. घरोबा 'असतो', 'वाढतो', 'तुटतो'. 'केला' म्हटलं की अर्थच बदलतो. 'तिनं दुसरा घरोबा केला' म्हणजे दुसऱ्यांदा संसार मांडला. पाट लावणं, मोहतूर हे त्याच व्यवहाराचे जुने शब्द. विधवा पुनर्विवाहाचा कायदा 1856 सालचा, पण शेतकरी-कष्टकरी जातींत पाट त्याच्या आधीपासून चालत होता, त्यामुळे ही भाषा जुनी आहे. वर्तमानपत्रातला 'दुसऱ्या पक्षाशी घरोबा' मात्र दोन्ही अर्थांवर पाय ठेवून उभा असतो.

ब्रह्मपुरीहून (जि. चंद्रपूर)

आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, घरोबा पाहायचा तर दिवाळीनंतर मंडईला या. पुण्याकडे मंडई म्हणजे भाजीबाजार. आमच्याकडे ती गावाची जत्रा, दिवसा दंडार (आमच्याकडचं नाचगाण्याचं लोकनाट्य), रात्री नाटक. आजूबाजूच्या गावांचे सोयरे अन् सासरी गेलेल्या लेकी, सगळे त्या दिवशी येतात. एका घरात एवढी माणसं मावत नाहीत. मग शेजारच्या घरची भांडी, सतरंज्या, झोपायची जागा आपलीच धरतात. आमचे सोयरे त्यांच्या ओसरीत झोपतात, यात कुणाला विचारावं लागत नाही.

पुन्हा दारव्ह्याहून

मंडईचं वाचून मला उलटा प्रसंग सुचला, मयतीचा. सुतक भाऊबंदांना असतं, रीतीप्रमाणे दहा दिवस. मयतीच्या घरी त्या दिवशी चूल पेटत नाही. तेव्हा कडू घास, म्हणजे बाहेरून आणलेलं जेवण, येतो तो सोयऱ्यांकडून किंवा शेजारच्या घरातून, अन् सोयरे लांबच्या गावचे असले तर घरोब्याचं घरच पुढं होतं. भाकरी-पिठलं घेऊन येतात, रडणाऱ्या बाईच्या हातात घास देतात, तेरवीपर्यंत लेकरांचं पाहतात. म्हणजे सुतक न लागणारं माणूस त्या वेळी सगळ्यात कामाचं.

'त्याचं आम्हाला सोयरसुतक नाही' यातलं सोयर 'सोयऱ्यां'चं नव्हे. सोयर म्हणजे जन्माचा विटाळ, सुतक म्हणजे मरणाचा. मुळात संस्कृतातलं 'सूतक' जन्माशीच निगडित, 'सू' म्हणजे प्रसवणे यावरून. मराठीत ते मरणाकडे सरकलं. घरोब्याच्या माणसाला सोयर लागत नाही अन् सुतकही, पण 'त्याईचं आम्हाले सोयरसुतक नाही' असं तो कधी म्हणत नाही.

अचलपूरहून

हे भाचीला वाचून दाखवा. अन् तिला एकच विचारा, सुट्टीत मैत्रिणीला गावी आणते का. आली, आजीसंगं बसून वांगे चिरले, अन् पुढच्या वेळी तिच्या घरून आजीसाठी काही आलं, की 'आमचा घरोबा' म्हणायला कुणाची हरकत नाही.